शिब्बोलेथ : दाराशी विचारलेला शब्द

बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात एक कथा आहे. लढाईत हरलेले एफ्राईमचे लोक यार्देन नदी ओलांडून घराकडे निघाले. उतारावर गिलादचे पहारेकरी बसलेले. ते प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणायला लावीत. एफ्राईमी माणसाला ‘श’ म्हणता येत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि तिथेच त्याचा घात होई!

ही जुनी कथा आज कशाला, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

महाविद्यालय संशोधनपत्रिकांची वर्गणी भरते. आता पुष्कळशा पत्रिका टपालाने येत नाहीत. त्या प्रकाशकाच्या संगणकावर असतात. मग वाचायला आलेला मनुष्य वर्गणीदारांपैकीच आहे, हे ओळखायचे कसे? पहिली युक्ती सोपी होती. महाविद्यालयाच्या जाळ्याला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. मागणी त्या पत्त्यावरून आली की दार उघडे. पण सुटीत गावी गेलेला प्राध्यापक तिथे परकाच ठरे.

१९९९ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ख्रिस झगार या ग्रंथपालाने ‘ईझेडप्रॉक्सी’ ही व्यवस्था रचली. वाचकाने घरून ग्रंथालयाच्या मध्यस्थ संगणकाला आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगायचा. मग तो मध्यस्थ स्वतःच्या पत्त्यावरून पत्रिका आणून देतो.

२००३ साली अमेरिकेतच आणखी एक व्यवस्था आली. तिचे नावच ‘शिब्बोलेथ’! इथे प्रकाशक वाचकाला त्याच्या संस्थेकडे पाठवतो. संस्था परवलीचा शब्द तपासते आणि ‘हा आमचा आहे’ एवढी ग्वाही देते. तो शब्द प्रकाशकाला कधीच कळत नाही. वाचकाचे नावही कळवलेच पाहिजे असे नाही. कोण काय वाचतो याची नोंद परक्याच्या वहीत जाऊ नये, ही काळजी त्यात आहे.

आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ व्यवस्था याच तत्त्वावर चालते. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनाही सुरू झाली. वर्गणी सरकारने भरली. परंतु वाचकाची ग्वाही द्यायची ती त्याच्या संस्थेनेच. तिथे नाव नोंदलेले नसेल, तर खेड्यातला शिक्षक भरल्या ग्रंथालयाबाहेर उभा राहील.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची संस्था या योजनेत असेल, तर उद्याच ग्रंथपालांना गाठा आणि विचारा, ‘आमचे नाव नोंदले आहे ना?’