मोटार हाकण्यातला आनंद : एक ऐतिहासिक विचार

मोटारीच्या इतिहासावर जे लिखाण झाले आहे त्यात वेगाचे उच्चांक, शर्यतींतले विजय आणि कारखानदारांचे ऐश्वर्य यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु सर्वसामान्य माणूस शर्यतीच्या रिंगणात गाडी चालवीत नाही. त्याचा रस्ता बाजारातून जातो, शाळेवरून जातो, फार तर घाट चढून शेजारच्या जिल्ह्यात उतरतो. अशा साध्या रस्त्यावर एखादी गाडी हाती घेताच मन प्रसन्न व्हावे, आणि दुसरी, तिच्याहून कितीतरी महाग असूनही, नुसते ओझे वाटावी, असे का होते? प्रश्न चैनीचा वाटेल. पण तो ज्या रस्त्यावर उभा राहतो तो रस्ता सर्वांचा आहे; पायी शाळेला निघालेल्या मुलाचाही आहे. चालविणाऱ्याला सुख कशात वाटते यावर त्या मुलाची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते, आणि म्हणूनच हा विषय आम्ही आपणांपुढे मांडीत आहो.

आनंद म्हणजे वेग आणि वेग म्हणजे इंजिनाची ताकद, अशी समजूत आज रूढ आहे. आमचा अभिप्राय निराळा आहे. इतिहास पाहू जाता असे दिसते की, साध्या रस्त्यावर चालकाला ज्या गाड्यांनी मनापासून सुख दिले त्यांतल्या कित्येक श्रीमंतीतून नव्हे, तर करांच्या जाचातून आणि पेट्रोलच्या टंचाईतून जन्मास आल्या.

पहिले उदाहरण १९२२ सालचे घेऊ. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने मोटारींवर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसविला. मोठी गाडी बाळगणे मध्यमवर्गाला परवडेनासे झाले. कुटुंबवत्सल कारकून मोटारसायकलीला बाजूचा पाळणा जोडून त्यात बायकोमुलांना बसवी आणि पावसात भिजत जाई. हर्बर्ट ऑस्टिन या कारखानदाराने ही अडचण ओळखली. त्याच्या संचालकांना लहान गाडीची कल्पना पसंत नव्हती. तेव्हा ऑस्टिनने स्टॅन्ले एज नावाच्या अठरा वर्षांच्या पोरसवदा नकशानविसाला हाताशी धरले आणि आपल्या राहत्या घरी बिलियर्डच्या टेबलावर नकाशे काढून घेतले. त्यातून निघालेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चार चाकांवर ठेवलेली एक हलकी पेटीच होती. इंजिन पाऊण लिटरचेही धड नव्हते. पण ती चालविणाऱ्याला स्वस्थ बसू देत नसे. चढ आला की योग्य क्षणी गिअर बदलावा लागे. उतारावर अगोदरच विचार करावा लागे. गाडीचे सर्व बळ वापरल्याखेरीज ती पुढे जात नसे, आणि ते सर्व बळ वापरूनही ती कोणाच्या जिवावर उठण्याइतकी वेगवान होत नसे. ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या गाडीने एका पिढीला यंत्र उकलून पाहण्याची गोडी लावली. पुढे गाजलेले दोन अभियंते याच शाळेत शिकले. अ‍ॅलेक इसिगोनिस याने जॉर्ज डाउसन या मित्राच्या साहाय्याने घरच्या घरी एक हलकी शर्यतीची गाडी बांधली, तिला ऑस्टिन सेव्हनचे भाग होते आणि तिच्या चाकांना रबराचा आधार दिला होता. कॉलिन चॅपमन याने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरूनच आपली पहिली गाडी तयार केली, आणि तिच्यापासून ‘लोटस’ या नावाची परंपरा सुरू झाली.

इसिगोनिसच्या कीर्तीला कारण झाले ते सुएझचे संकट. १९५६ साली सुएझ कालवा बंद पडला, तेलाचा ओघ आटला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगोनिसला सांगितले की, चार माणसे नीट बसतील अशी, परंतु शक्य तितकी लहान गाडी मला हवी. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती लोकांपुढे आली. हीच ‘मिनी’. लांबी जेमतेम दहा फूट, इंजिन ८४८ सी. सी., शक्ती ३४ अश्वशक्ती, वजन सुमारे सहाशे किलो.

जागा वाचविण्यासाठी इसिगोनिसने इंजिन आडवे बसविले, गिअरची पेटी इंजिनाच्या तळाशी तेलातच ठेवली आणि पुढची चाके फिरविली. चाके अवघी दहा इंचांची घेतली आणि गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत नेऊन लावली. पोलादी स्प्रिंगांऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टन याने रचलेले रबराचे शंकू वापरले. यातली प्रत्येक युक्ती काटकसरीची होती. गंमत अशी की, त्या सर्वांची बेरीज मात्र आनंदाची झाली. वजनाचा कोणताही भाग चाकांच्या पुढेमागे फारसा लोंबत नसल्यामुळे गाडी वळणावर चटकन तोंड फिरवी. स्टिअरिंगच्या दांड्याचा दातेरी पट्टीशी सरळ संबंध असल्याने हाताची हालचाल लगोलग चाकाला पोचे, आणि चाकाखालचा रस्ताही तितक्याच लगोलग हाताला कळे.

स्वतः इसिगोनिसला तिच्या शर्यती करावयाच्या नव्हत्या. ती सामान्यांची गाडी, असाच त्याचा आग्रह होता. परंतु शर्यतीच्या गाड्या बांधणारा त्याचा मित्र जॉन कूपर याने तिचा गुण ओळखला आणि १९६१ साली ‘मिनी कूपर’ निघाली. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन साली मिनीने माँटे कार्लोची रॅली जिंकली. १९६४ च्या गुणपद्धतीत लहान इंजिनांना काही सवलत होती, हे खरे. पण पुढल्या वर्षी बर्फाच्या वादळात दोनशेहून अधिक गाड्यांतून मोजक्याच मुदतीत पोचल्या, आणि तेव्हाही पहिली आली ती मिनीच. निसरड्या, वळणाच्या, अरुंद रस्त्यावर दांडग्या इंजिनाचा उपयोग थोडा, हे त्या रॅलीने जगाला दाखविले.

हे असे का होते याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते अवघड नाही. गाडी रस्त्याला धरून असते ती टायरच्या चार ठिगळांनी. प्रत्येक ठिगळ तळहाताएवढे. ब्रेक लावणे, वळणे, वेग घेणे ही तिन्ही कामे याच चार ठिगळांच्या भांडवलावर चालतात. वळण घेताना वेग दुप्पट केला तर टायरवर ओढ चौपट पडते. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटरने गेलेली गाडी गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढ्या जोराने बाहेर ओढली जाते. तेथे ताशी १०० ने जाणे कोणत्याही साध्या गाडीला शक्य नाही, मग तिचे इंजिन तीनशे अश्वशक्तीचे का असेना. म्हणजे साध्या रस्त्यावर बळाचा मोठा हिस्सा नुसता बांधून ठेवावा लागतो. जो चालक आपल्या गाडीच्या सामर्थ्याचा दहावा हिस्सा वापरतो त्याला कंटाळा येतो. आणि तो कंटाळा घालविण्यासाठी जो उरलेले नऊ हिस्से वापरू पाहतो तो स्वतःला आणि इतरांना संकटात लोटतो.

आनंदाचे मर्म, आमच्या मते, तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट हलकेपणा. कारण हलकी गाडी चालकाचे म्हणणे लवकर ऐकते. दुसरी गोष्ट संवाद. पुढचे टायर घसरण्याच्या बेतात आले की चांगले स्टिअरिंग हातात किंचित सैल पडते. ती गाडीने दिलेली पूर्वसूचना असते, आणि ती ज्याला कळते तो वेळेवर सावरतो. तिसरी गोष्ट प्रमाण, म्हणजे गाडीचे बळ आणि रस्त्याची मर्यादा यांचा मेळ.

मराठी माणसाला हे समजावयास फारसे कष्ट पडू नयेत. आपल्या भाषेत ‘मांड’ हा शब्द आहे. पक्की मांड म्हणजे घोड्यावर नुसते न पडता बसणे नव्हे. घोड्याच्या पाठीचा हेलकावा स्वाराच्या कमरेला कळावा, आणि स्वाराचा विचार लगाम ओढण्यापूर्वीच घोड्याला कळावा, याचे नाव मांड. दूरच्या जपानमध्ये मोटारीच्या संदर्भात नेमकी हीच कल्पना पुढे आली. माझदा कंपनीने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ ही दोन आसनांची उघडी गाडी मांडली. तिच्या रचनेचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे जे सूत्र ठेवले ते जपानी घोडेस्वार तिरंदाजांच्या परंपरेतले होते: ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे माणूस आणि घोडा एकजीव. त्या काळी हलक्या उघड्या गाड्यांचा जमाना संपला, असे बहुतेक कारखानदार धरून चालले होते. माझदाने चॅपमनच्या १९६२ सालच्या ‘लोटस इलान’चा आदर्श डोळ्यांपुढे ठेवला, इंजिन १६०० सी. सी. चे बेताचेच घेतले आणि वजन एक टनाच्या आत राखले. २०१६ साली या गाडीची संख्या दहा लाखांवर गेली. २०१५ साली बाजारात आलेली तिची चौथी आवृत्ती तर तिसरीपेक्षा सुमारे शंभर किलोंनी हलकी निघाली. एरवी पिढीगणिक गाड्या जाडजूड होत असताना ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे.

आपल्याकडेही या विचाराची साक्ष देणारी एक गाडी होऊन गेली. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० नंतरच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. मूळ गाडी इटलीच्या दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखालची. इंजिन १०८९ सी. सी. चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसेडर ही साहेबांनी मागच्या आसनावर बसण्याची गाडी, आणि फियाट ही मालकाने स्वतः चालविण्याची, असा भेद लोकांनी आपसूकच केला होता. खंडाळ्याच्या घाटात, १८३० साली खुल्या झालेल्या त्या जुन्या वाटेवर, फियाटला दुसऱ्या गिअरमध्ये जपून, दमादमाने चढवावे लागे. त्यात चालकाचे डोळे, कान आणि पाय सारखे गुंतलेले असत. आज द्रुतगती मार्गावर तेच अंतर थोडक्या वेळात कापले जाते. वेळ वाचतो, ही मोठीच सोय. पण चालकाला करावयास फारसे काही उरत नाही, आणि निवांत चालकाची नजर हातातल्या फोनकडे वळते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आनंदासाठी गाडी चालविणे हेच मुळी धोक्याचे नाही काय? आक्षेप खोटा नाही. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा उठविली. १९३४ साली त्या देशाच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली, आणि १९३५ पासून वस्तीतून ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा घालावी लागली. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसांचा बळी गेला. असे आकडे समोर असता रस्त्याला क्रीडांगण समजणाऱ्याची बाजू कोणीही घेऊ नये. तसेच जुन्या हलक्या गाड्या टक्कर झाल्यास आतल्या माणसांचे रक्षण करण्यात फार कमी पडत, हेही मान्य केले पाहिजे. आसनपट्टे, हवेच्या पिशव्या, घसरण रोखणारे ब्रेक यांनी असंख्य प्राण वाचविले आहेत, आणि त्यांच्यामुळे वाढलेल्या वजनाबद्दल कुरकुर करणे शहाणपणाचे नव्हे.

पण याच आकड्यांवरून दुसरीही एक गोष्ट निघते. गाडी जितकी जड आणि बळकट, तितकी टकरीत तिची ऊर्जा अधिक. आणि वेगाच्या बाबतीत तर ही ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा भार आत बसलेल्यांना सोसावा लागत नाही. तो सोसतो पायी चालणारा आणि सायकलवाला. काचा बंद, आवाज बंद, रस्त्याचे हादरे बंद अशा खोलीत बसलेल्या चालकाला ताशी ९० हा वेग ५० सारखा वाटतो, कारण गाडी त्याच्याशी बोलतच नाही. उलट हलक्या, बोलक्या गाडीत ताशी ५० लाच माणूस सावध आणि प्रसन्न असतो. आनंद कमी वेगात मिळू लागला तर वेगाचा हव्यास आपोआप ओसरतो.

म्हणून गाडी घ्यावयास निघालेल्या गृहस्थाने दुकानदाराला अश्वशक्तीचा आकडा विचारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवितो: माझ्या रोजच्या रस्त्यावर, माझ्या गावाच्या वळणांवर, कायद्याने घातलेल्या मर्यादेत ही गाडी मला काही करू देईल काय? कारकुनाच्या कुटुंबासाठी ऑस्टिनने, पेट्रोलच्या टंचाईत इसिगोनिसने आणि बाजाराचा कल झुगारून हिराईंनी या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. तिघांनीही गाडी वाढविली नाही. तिच्यातले अनावश्यक तेवढे काढून टाकले, आणि चालकाचे काम चालकाकडे ठेवले. ज्याला हे काम मनापासून आवडते त्याचे लक्ष रस्त्यावर राहते, आणि ज्याचे लक्ष रस्त्यावर असते त्याला शाळेला निघालेले ते मूल वेळेवर दिसते.