देहूचे मोरे : वतन आणि वारी

कूळ म्हणजे केवळ आडनाव नव्हे. मूळ पुरुष, वतनाची भूमी, कुलदैवत, देवक आणि सोयरिकीचे नियम मिळून कूळ घडते. पश्चिम केनियातील लुह्या समाजात एकाच कुळातील वधूवरांचा विवाह निषिद्ध मानतात. आपल्याकडे एकाच देवकाची सोयरीक टाळतात. कुळामागून मनुष्यास नेमके काय लाभते, हा प्रश्न इंद्रायणीकाठच्या देहूत विशेष उत्कटतेने समोर येतो.

संत तुकारामांचे घराणे मोरे, आडनाव आंबिले, जात कुणबी. घरात शेती, सावकारी, व्यापार आणि गावची महाजनकी होती. मूळ पुरुष विश्वंभरबाबा. तुकाराम त्यांच्यापासून आठवे. विश्वंभरबाबांना आंब्याच्या वनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या, अशी परंपरा सांगते. त्यांचे पुत्र हरी व मुकुंद शिपाईगिरीस गेले आणि लढाईत पडले. त्यांची आई आमाबाई देहूस परतली व हरीच्या पुत्रापासून वंश पुढे चालला. मोऱ्यांचेच दुसरे घराणे जावळीत राज्य करीत होते. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि ती सत्ता संपली.

1630 च्या दुष्काळाने देहूचे घरही मोडले. तुकारामांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी कर्जखतांची धाकट्या बंधूसह, कान्होबांसह, वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे सांगतात. भावाच्या हक्कास त्यांनी हात लावला नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याग स्वतःच्या वाट्याचाच करता येतो.

तुकारामांच्या प्रयाणानंतर जन्मलेले पुत्र नारायणबाबा यांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस पालखी निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात होतो, दुसरा आकुर्डीस. वंशजांच्या घरची वारी अशा रीतीने साऱ्या महाराष्ट्राची झाली. जिचे देवक निराळे, जिचे गाव दूर, तीही माउली त्याच दिंडीत चालते.

आज देहूभोवती चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवडचे कारखाने उभे आहेत. शेते विकली गेली, बिऱ्हाडे परगावची आली. जमीन विकणाऱ्या घरातील मुलांना कूळ म्हणून काय सांगावे, ही वडीलधाऱ्यांची चिंता खरी आहे. मोऱ्यांचा इतिहास त्यांना आधार देतो. जावळीचे राज्य बुडाले, देहूची खतेही बुडाली. वारी मात्र अखंड चालू आहे. मुलांच्या हाती सातबारा देता आला नाही, तरी ती वाट त्यांना दाखविता येईल.