चोविसावा दिवस

मच्छरदाणीच्या कोपऱ्यातलं भोक टाचायचं काम तू महिनाभर उद्यावर ढकलतोयस, म्हणून आज पहाटे डासांनीच तुला उठवलं. खिडकीबाहेर झाडांवर कावळ्यांचा कालवा चाललाय. खाली तळ्याकाठी कुणीतरी धोतर आपटतंय. चैत्राचा उकाडा सुरू झालाय, उशी घामाने ओली आहे. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक आहे. ती तू काल रात्रीच भरून ठेवलीस.

तारीख 25 मार्च 1971, वार गुरुवार. पूर्व पाकिस्तानातल्या ढाका विद्यापीठाचा जगन्नाथ हॉल. इथे वसतिगृहाला हॉल म्हणतात, आणि हा हॉल हिंदू व इतर अल्पसंख्य मुलांचा.

तू पुढच्या काळातून इथे आला आहेस, पण ते ज्ञान आता उपयोगाचं नाही. तोंड उघडलंस तर शब्द निघतील ते या वीस वर्षांच्या मुलाचेच. इतिहासाचा विद्यार्थी, गाव बारिसालकडे. त्याला फक्त आजचा दिवस ठाऊक आहे आणि उद्या संध्याकाळी सदरघाटावरून सुटणारी लाँच.

व्हरांड्यात पावलांचा आवाज घुमतो, कारण अर्ध्याहून अधिक खोल्यांना कुलपं आहेत. महिन्याच्या सुरुवातीपासून वर्ग बंद आहेत, मुलं आपापल्या गावी गेली. जी उरली त्यांची कारणं साधी आहेत. कुणी चळवळीसाठी थांबलाय, कुणी तापाने पडलाय, कुणाकडे भाड्याला पैसे नाहीत. तुझी आझिमपूरला शिकवणी आहे, आठवीतल्या मुलाचं गणित. महिन्याचे पैसे हातात पडले की तू निघणार. आईला तसं कळवलंयस.

तोंड धुऊन खाली ये. मुडीचा, म्हणजे आपल्या कुरमुऱ्यांचा, बकाणा भर आणि चालायला लाग.

हे सगळं सुरू झालं तो दिवस तुला पाठ आहे. 1 मार्च, सोमवार. तू मित्रासोबत स्टेडियमवर क्रिकेटचा सामना बघत होतास. डिसेंबरच्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळालं होतं, पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेच्या 313 पैकी 167 जागा. सभेची पहिली बैठक ढाक्यातच 3 मार्चला भरायची होती. दुपारी एकच्या सुमारास रेडिओवर अध्यक्ष याह्या खान यांचं निवेदन आलं: बैठक बेमुदत पुढे ढकलली आहे. प्रेक्षकांत कुजबुज पसरली, मग लोक उठले, आणि काही मिनिटांत स्टेडियममधली गर्दी रस्त्यावर मोर्चा झाली होती. सामना तिथेच मोडला. तू त्या गर्दीत घसा बसेपर्यंत ‘जय बांगला’ ओरडलास.

आत्ता तू ज्या वडाखालून जातोयस तिथेच, कला विभागाच्या इमारतीसमोर, दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला. हिरवी जमीन, लाल गोल आणि गोलात पिवळ्या रंगात पूर्व बंगालचा नकाशा. तो विद्यार्थ्यांनीच आधीच्या वर्षी तयार केला होता आणि विद्यार्थी संघाचे उपाध्यक्ष आ. स. म. अब्दुर रब यांनी तो उंचावला. तू मागे होतास, तुला नीट दिसलं नाही, म्हणून एका अनोळखी मुलाने तुला खांद्यावर घेतलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

झेंड्याच्या त्या दिवसापासून मोजलं तर आज चोविसावा दिवस.

हे दिवस कसे होते ते तुझ्या पायांना विचार. 7 मार्चला रेसकोर्सच्या मैदानावर बांबूच्या काठ्या घेऊन आलेल्या लाखोंच्या गर्दीत तू उभा होतास. मुजीबांचं ते भाषण थेट प्रक्षेपित करायला मनाई झाली, तेव्हा रेडिओ केंद्रातल्या लोकांनी काम बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण लागलं आणि तू तेच शब्द पुन्हा ऐकलेस, यावेळी चहाच्या टपरीवर. नव्या राज्यपालाला, जनरल टिक्का खानला, शपथ द्यायला मुख्य न्यायमूर्ती बी. ए. सिद्दिकी यांनी नकार दिला. महिन्याच्या मध्याला अवामी लीगच्या ताजुद्दीन अहमद यांनी 35 निर्देश काढले: कोणती कचेरी उघडेल, बँका किती वेळ चालतील, कोणता कर कुठे भरायचा. सरकार इस्लामाबादला होतं, पण लोक ऐकत होते धानमंडीतल्या 32 नंबर रस्त्यावरच्या मुजीबांच्या घराचं. विद्यापीठाच्या मैदानावर मुलामुलींची लाकडी बंदुका घेऊन कवायत चालायची. साडीचा पदर कमरेला खोचून पाऊल जुळवणाऱ्या त्या मुली बघायला रिक्षावाले थांबत.

परवा, 23 मार्चला, पाकिस्तान दिन होता. शहरभर घरांवर फडकले ते नवे झेंडे. टेलिव्हिजन केंद्रातल्या लोकांनी तर कमाल केली. शेवटी पाकिस्तानचा झेंडा आणि राष्ट्रगीत दाखवून कार्यक्रम संपवायची पद्धत. त्यांनी कार्यक्रम मध्यरात्रीपलीकडे लांबवला आणि तारीख 24 झाल्यावरच संपवला. हॉलच्या सामाईक खोलीतल्या संचासमोर तुम्ही सातआठ जण जागत बसला होतात. घड्याळाचा काटा बारावर गेला तशा टाळ्या पडल्या.

आता मधुदांचं कँटीन. मधुसूदन दे, सगळ्या विद्यापीठाचे मधुदा. इथल्या बाकांवर पत्रकं लिहिली गेली, संघटना फुटल्या आणि जुळल्या, 1969च्या आंदोलनाचे बेत शिजले. सिंगाडा माग. दिसायला आपला सामोसाच, आत बटाट्याचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे. दोन चहा, एक तुझा, एक फजलुल हक हॉलमधून आलेल्या तुझ्या दोस्ताचा. तो पदार्थविज्ञान शिकतो, म्हणून ऐटीत सांगतो की सत्येंद्रनाथ बोसांनी 1924मध्ये आइन्स्टाईनना पाठवलेला निबंध याच विद्यापीठात बसून लिहिला. आज मात्र त्याला बोसांचं सुचत नाही.

“मुजीब-याह्या वाटाघाटी फिसकटल्या म्हणतात,” तो हळूच सांगतो. “तू आजच का जात नाहीस रे?”

“शिकवणीचे पैसे आज मिळणार. उद्या जातो.”

खिशात मोड नाही. मधुदांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: उधारी वहीत लिहायची आणि पोराला उपाशी पाठवायचं नाही. तुझ्या नावापुढे आणखी एक ओळ चढते. उद्या निघायच्या आधी चुकती करायची, असं तू मनाशी पक्कं करतोस.

दुपारी आझिमपूर. मुलाला अपूर्णांकांचा भागाकार अजून जमत नाही. तू तीनदा समजावतोस, चौथ्यांदा त्याचा चेहरा उजळतो. त्याची आई दारात येऊन संकोचून उभी राहते. बँक आज ठरलेल्या वेळेला बंद झाली, मुलाच्या बाबांना पोहोचायला उशीर झाला. “उद्या सकाळी नक्की, मास्टरमशाय.” ती बशीत दोन संदेश पुढे करते. तू एक खातोस आणि एक रुमालात बांधून घेतोस, तापाने पडलेल्या शेजाऱ्यासाठी.

परतताना रस्ता बदललेला दिसतो. नीलखेतला मुलं झाड तोडून आडवं टाकतायत. कुणी विटा आणतंय, कुणी मोडकी हातगाडी. याह्या खान संध्याकाळी गुपचूप विमानाने निघून गेले, अशी बातमी तोंडातोंडी फिरतेय. ती खरी आहे, हे तुला ठाऊक आहे. तूही दोन फांद्या ओढतोस. हाताला चीक लागतो.

रात्री मेसमध्ये भात, आणि ताटाचा तळ दिसेल इतकी पातळ मसूरडाळ. या डाळीची थट्टा हॉलमधली प्रत्येक पिढी करते. तूही केलीस, चौघं हसले. संदेश शेजाऱ्याच्या उशाशी ठेवलास. तो ग्लानीत होता, “उद्या खाईन” म्हणाला. खोलीत येऊन तू मच्छरदाणी लावलीस, आणि सुई-दोरा शोधून अखेर ते भोक टाचलंस.

साडेअकराच्या सुमारास छावणीतून लष्कर निघालं आहे.

इथून पुढे तुला थांबता येणार नाही. तू परत ये. तो मागे राहतो.

मध्यरात्रीनंतर लष्कराने जगन्नाथ आणि इकबाल हॉलवर तोफगोळे डागले आणि मग खोल्या एकेक करून रिकाम्या केल्या. सकाळी जगन्नाथ हॉलमध्ये जिवंत सापडलेल्यांकडून मित्रांची प्रेतं मैदानात वाहून आणवली आणि मग त्यांनाही रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. समोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या वसाहतीतून प्राध्यापक नूरुल उला यांनी ते दृश्य आपल्या खिडकीतून चित्रित केलं. तत्त्वज्ञानाचे गोविंदचंद्र देव त्यांच्या घरात मारले गेले. हॉलचे प्रमुख, इंग्रजीचे ज्योतिर्मय गुहठाकुरता यांना गोळी लागली, ते 30 मार्चला गेले. 26 तारखेच्या सकाळी मधुदांच्या घरात सैनिक शिरले. त्यांची बायको, मुलगा आणि सून मारली गेली, मधुदाही वाचले नाहीत. भाषा आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक, शहीद मिनार, पाडला गेला. झेंडा उंचावला तो वडही सैन्याने नष्ट केला.

नऊ महिन्यांनी, 16 डिसेंबरला, त्याच रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पुस्तकं युद्धाची सुरुवात 25 मार्चच्या रात्रीपासून मोजतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या मुलाचा दिवस जगून आलेल्या तुला आणखी एक मोजदाद ठाऊक आहे. तो शांततेच्या शेवटच्या दिवशी जगत नव्हता. तो स्वतःच्या देशात चोवीस दिवस राहिला होता. त्या देशाला सैन्य नव्हतं, नाणं नव्हतं. न्यायाधीशाचा नकार होता, मध्यरात्रीपर्यंत ताणलेला कार्यक्रम होता, लाकडी बंदुका होत्या. मारायला आले ते पहिल्याच रात्री विद्यापीठात आले, कारण त्या देशाचा पत्ता त्यांनाही कळला होता.

14 फेब्रुवारी 1972ला अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी जुन्या वडाच्या जागी नवं रोप लावलं. आज त्याची सावली मोठी आहे, मुलं तिथे वह्या पसरून बसतात. कँटीन अजून मधुदांच्याच नावाने चालतं, समोर त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथे गेलास तर दोन चहा आणि एक सिंगाडा माग, आणि पैसे तिथल्या तिथे दे. उद्यावर ठेवू नकोस.