सागरेश्वर: लावलेलं रान

सागरेश्वराच्या डोंगरावर शाळेची सहल आली की मुलांचे डोळे आधी हरणं शोधतात. सोबतच्या शिक्षकांनी मात्र एक प्रश्न त्याआधी विचारावा: हे रान इथं कधीपासून आहे?

मुलांच्या आजोबांच्या लहानपणी हा डोंगर उघडाबोडका होता. पायथ्याला जुन्या मंदिरांचा समूह, श्रावणी सोमवारी भाविकांची रीघ आणि वर चराईने झिजलेला, कमी पावसाचा उतार. शेजारच्या देवराष्ट्र्यात 1913 साली यशवंतराव चव्हाण जन्मले, तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये त्याचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये सांगली.

या उतारावर झाडं उभी राहावीत म्हणून वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला. वनखातं आणि गावकरी यांच्या साथीने लागवड झाली, पाणवठे झाले, कुंपण पडलं आणि सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले. 1985 साली 10.87 चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. माणसाने उभं केलेलं अभयारण्य ही त्याची ओळख आजही सांगितली जाते, आणि ती सार्थ आहे.

म्हणूनच हे रान विद्यार्थ्यांसाठी इतकं मोलाचं आहे. जुन्या जंगलात सगळं आधीच जमून गेलेलं असतं. इथं जमवाजमव अजून डोळ्यांसमोर चाललेली दिसते. पालापाचोळा बाजूला करून मातीला हात लावला आणि मग उघड्या वाटेवरची माती चाचपली, तर ओल कुठे टिकते ते बोटांनाच कळतं. झाडांची खालची पानं कोणत्या उंचीपर्यंत खुडलेली आहेत ते मोजलं, की चरणाऱ्या जनावराची मान किती उंच पोचते याचा अंदाज बांधता येतो. आपोआप उगवलेली रोपं किती आणि त्यांतली किती वाढू शकली, हेही वहीत उतरवावं. मग पुढचा, अवघड प्रश्न आपसूक येतो: वाघ नसलेल्या, कुंपणाच्या आतल्या रानात चरणाऱ्यांची संख्या कशी आवरायची? भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी तर हा पिकाचा प्रश्न आहे.

याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, शिराळा तालुक्याच्या टोकाला, उलटी गोष्ट घडली. चांदोलीचं अभयारण्यही 1985 चंच. 2004 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं झाडं लावावी लागली नाहीत. आतल्या गावांतून माणसं उठवली गेली. त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवत माजलं आहे आणि त्यात गवे चरतात. ही किंमत कोणी मोजली, हेही मुलांना सांगायलाच हवं.

दोन्ही ठिकाणं पाहिलेल्या वर्गाने घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं: इथं जनावरं कोण चारायचं, सरपण कुठून यायचं, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा? हे ज्यांनी स्वतः पाहिलं, ती माणसं गावोगावी अजून आहेत.