नाशिकचं ऊन आणि वाड्यातली हाडं

हाड म्हटलं की काहीतरी टणक, पांढरं, निर्जीव आपल्या डोळ्यांसमोर येतं. ‘हाडाचा शेतकरी’, ‘हाडाचा शिक्षक’ असं आपण म्हणतो, तेव्हाही जे कधी बदलत नाही ते हाड, असाच अर्थ मनात असतो. प्रत्यक्षात हाड ही आयुष्यभर थोडी थोडी मोडली जाणारी आणि पुन्हा बांधली जाणारी वास्तू आहे. हे बांधकाम बिघडतं का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा शंभर वर्षांपूर्वी आपल्या नाशिक शहरात सापडला होता. आज त्याविषयी बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. देवळाली कॅम्पात राहणारा, मराठीत कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस आहे. म्हणून हाडाची गोष्ट मी घरबांधणीच्या भाषेतच सांगतो.

हाडाला बाहेरून एक घट्ट कवच असतं. आत मात्र ते भरीव नसतं. विशेषतः सांध्यांजवळ आणि मणक्यांत बारीक बारीक तुळयांचं स्पंजासारखं जाळं असतं. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान नावाचे अभियंते ते पाहून चकित झाले. आतल्या तुळया त्यांना यारीवर येणाऱ्या ताणाच्या रेषांसारख्या मांडलेल्या दिसल्या. पुढे १८९२मध्ये यूलियस वोल्फ यांनी ग्रंथच लिहिला. त्याचं सार असं की, जिथे भार पडतो तिथे हाड स्वतःला मजबूत करतं. जिथे पडत नाही तिथे ते झिजतं. आपल्या जुन्या वाड्यांच्या सुतारांना तुळई कुठे आणि खांब कुठे हे कळत होतं. शरीरालाही ते कळतं.

पण नुसता आराखडा पुरत नाही, मालही लागतो. हाडात आधी प्रथिनांच्या धाग्यांची जाळी विणली जाते आणि मग तिच्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार भरतात. विटा रचल्यावर चुना भरावा, तसं. हे कॅल्शियम अन्नातून रक्तात नीट उतरायचं, तर ‘ड’ जीवनसत्त्व हवं, आणि ते मुख्यतः आपली त्वचा उन्हात तयार करते. ऊन नसेल तर जाळी विणली जाते, पण चुना भरत नाही. लहान मुलांत असं झालं की पाय धनुकलीसारखे वाकतात. त्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. मोठेपणी झालं तर ती अस्थिमृदुता. अंग ठणकतं, चाल फेंगडी होते, आणि बाईच्या बाबतीत ओटीपोटाचं हाड दबून बाळाची वाट अरुंद होते. अडलेल्या बाळंतपणात आई आणि मूल दोघंही दगावण्याचा धोका.

म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात तो विकार वेगळा. तिथे चुना नीट भरलेला असतो, पण आतल्या तुळयाच बारीक होतात, काही तुटतात, आणि साध्या घसरण्याने खुबा मोडतो. एकात माल कच्चा, दुसऱ्यात खांब कमी. बाहेरून दोन्ही हाडं हाडंच दिसतात.

आता नाशिककडे येऊ. १९२१ साली ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. एच. एस. हचिसन आणि पी. टी. पटेल यांचा एक लेख आला. विषय होता नाशिक शहरातला उशिरा होणारा मुडदूस आणि अस्थिमृदुता. पुढच्याच वर्षी हचिसन आणि एस. जे. शहा यांचा आणखी एक विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. मुडदूस म्हणजे लंडन-ग्लासगोच्या धुरकट, अंधाऱ्या गल्ल्यांचा रोग, अशी तेव्हाची समजूत. मग बाराही महिने सूर्य असलेल्या नाशकात तो कसा?

या डॉक्टरांनी रोग कुठे आहे हे पाहिलंच, पण कुठे नाही हेही पाहिलं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या गरिबांचं अन्न निकृष्ट होतं, तरी त्यांच्यात हा रोग जवळजवळ नव्हता. तो होता खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत, जिथे बायका पडद्यात राहत. सधन मुसलमानांत होता, तसाच उच्चवर्णीय हिंदूंतही होता. कोवळ्या वयात मुलीचं लग्न व्हायचं, मग तिचं बाहेर पडणं थांबायचं, आणि बाळंतपण झालं की तिची रवानगी अंधाऱ्या खोलीत. आईच्या हाडांत चुना नाही, तर बाळाला तरी कुठून मिळणार? बंदिस्त राहणीतच रोगाचं मूळ आहे, याकडे या लेखांनी बोट दाखवलं.

हे लिहिलं गेलं तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व हे नावही नव्हतं. १८९०मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनी मुडदुसाचा संबंध सूर्यप्रकाशाच्या अभावाशी जोडला होता. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९मध्ये मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याच्या प्रकाशात बरी करून दाखवली. त्याच सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलनबी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाचा गुण सिद्ध करत होते. म्हणजे एक बाजू म्हणे अन्न, दुसरी म्हणे ऊन. १९२२मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातला तो घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचं दाखवलं आणि पुढे दोन्ही बाजू एकच ठरल्या. या वादात नाशिकचा पुरावा मोलाचा होता. इथे चांगलं खाणारे आजारी होते आणि उन्हातले अर्धपोटी सरळ चालत होते.

नाशिकच्या वाड्यांपासून काही मैलांवर आमचं देवळाली. १८६१पासून इथे गोऱ्या फौजेचा तळ. पुढे मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं हवापालटासाठी इथे येऊ लागली, सॅनिटोरियमं उभी राहिली. रुंद व्हरांडे, मोकळी आवारं. मुंबईची माणसं जे ऊन-वारं खायला गाडीत बसून इथवर यायची, ते ऊन नाशिकच्या वाड्यातल्या बाईच्या चौकात रोज उतरत होतं. तिला फक्त त्यात बसण्याची मुभा नव्हती.

पडदा म्हटलं की लोक लगेच आमच्या समाजाकडे पाहतात. मी त्या समाजातला आहे, तेव्हा आमच्यातलं झाकणार नाही. ‘चालीस दिन’ बाळंतीण बाहेर पडत नाही, ही रीत मी जवळून पाहिली आहे. पण नाशिकच्या नोंदी सांगतात की रोगाने घराचा धर्म विचारला नाही. एका घरी त्याला पडदा म्हणत, दुसऱ्या घरी सोवळं, खानदान, कुळाची अब्रू. नावं वेगळी होती, खोली तितकीच अंधारी होती. आणि ज्या मजूर बाईला अब्रूच नाही असं ही घरं समजत, तिची हाडं शाबूत होती.

आज वाडे पडले, सोसायट्या झाल्या. तरी ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शहरांतल्या तपासण्यांत सर्रास आढळते, पुरुषांतही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण ज्या किरणांमुळे हे जीवनसत्त्व बनतं ते काच अडवते. हवेतला धूरही तेच करतो. २००२मध्ये दिल्लीच्या लहान मुलांवरच्या एका अभ्यासात प्रदूषित भागातल्या मुलांत हे जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं, हेही आपण विसरतो. गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पण पोरीबाळींना अंगण, गच्ची, मैदान मिळतं का, हा प्रश्न गोळीने सुटत नाही.

इतिहास आपण ताम्रपटांत आणि किल्ल्यांत शोधतो. नाशिकच्या त्या बायकांनी काही लिहून ठेवलं नाही. बहुतेकींना लिहिता येतही नसावं. त्या कशा जगल्या, हे त्यांच्या हाडांनी सांगितलं, आणि तीन डॉक्टरांनी ते ऐकून लिहून ठेवलं. आपल्या घरात बाळंतीण असेल, वयात येणारी मुलगी असेल, गुडघे धरून बसलेली सासू असेल, तर उद्या ऊन वर आलं की तिला थोडा वेळ बाहेर बसू द्या. तोवर घरातलं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.