पगारपत्रकावरची सही

माझे वडील सही एका आकड्यापुढे करायचे आणि घरी दुसराच आकडा आणायचे. साठीचं दशक, तालुक्यातलं खाजगी हायस्कूल. पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर आडवी सही, आणि शेजारी कारकुनाची दुसरी वही: 'इमारत निधी, स्वखुशीने.' आई विचारायची, "अहो, या महिन्यात किती खुशी देऊन आलात?"

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. ही 'खुशी' मास्तरांच्या गळ्यात कधी पडली, याचा विचार आता रिकामपणी करतो.

सरकारी शाळांआधीच्या गावठी शाळेतल्या पंतोजीचं गणित सरळ होतं. शिधा आला तर चूल पेटली. त्याला कोणी त्यागमूर्ती म्हणत नव्हतं. भिकारडा पंतोजी मात्र म्हणत. सरकारी शाळा आल्या, पगार रुपयांत आला, पण पोट भरण्याइतका नाही. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात मास्तरांच्या पगाराचा आकडाच मांडला: महिना 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20 हवेत. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असंही सुचवलं. मला हा माणूस इथे फार व्यवहारी वाटतो. गुरूचं गुणगान करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही, रुपये सांगितले.

फुल्यांच्याच पुण्यात त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडत होती. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं शिकवायचं आणि महिना पंचाहत्तर रुपयांत भागवायचं. आगरकर, गोखले या सदस्यांना सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळालं असतं. बाहेरची मिळकत आणि पगारवाढ यांवरूनही वाद पेटला आणि 1890 मध्ये त्यांचे सहकारी टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे त्या ऋषितुल्य मंडळींतही पैशाची चर्चा चांगली कडाक्याची झाली होती. आपण ती विसरलो, पंचाहत्तर तेवढे लक्षात ठेवले.

माझं भांडण इथे आहे. आगरकर-गोखल्यांपुढे दुसरी वाट होती, म्हणून तो त्याग. माझ्या वडिलांपुढे कुठली वाट होती? पण संस्थाचालक भाषणात नाव घ्यायचे आगरकरांचं, आणि कापायचे वडिलांचे पैसे.

1977 साली खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. त्याच हिवाळ्यात महागाई भत्त्यासाठी राज्यातल्या कर्मचारी-शिक्षकांचा 54 दिवसांचा संप. आमच्या वाण्याने उधारी बंद केली नाही, हे त्याचे उपकार. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला आणि कारकुनाची दुसरी वही दिसेनाशी झाली.

मग 2000 साली शिक्षणसेवक आले. काम पूर्ण मास्तरचं, तीन वर्षं पगाराऐवजी 'मानधन'. प्राथमिकला बरीच वर्षं 3,000, नंतर 6,000, आणि 2023 पासून 16,000. माझ्या शाळेतला एक शिक्षणसेवक सुट्टीत गावाकडे द्राक्षांच्या डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला, जायचा. तिथे रोजाने जास्त सुटतात, म्हणायचा.

आणि मुख्याध्यापक? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 150 च्या वर पट असेल तरच मुख्याध्यापक धरलाय. आमच्या शाळेचा पट 64. पण खिचडीचे तांदूळ मोजणं, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, ऑनलाइन माहिती, जनगणना, मतदारयाद्या हे सगळं पट बघून येत नाही. फुल्यांनी सुचवलेली गावकामं आली, फक्त वेगळ्या नावांनी. मी सात वर्षं 'प्रभारी मुख्याध्यापक' होतो. पगारपत्रक मीच तयार करायचो; त्यात 'प्रभारी'साठी रकाना नव्हता.