दोन, चार, सहा, आठ

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. आत रबरं. टीव्हीच्या रिमोटची, नोकियाच्या की-पॅडची, ब्रिक गेमची. सगळी मेलेली. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत तो डबा उकिरड्यावर टाकायला निघते आणि मी दर दिवाळीला तो परत आणतो. जानेफळची पोरं कोणते खेळ खेळली आणि खेळताना त्यांचे हात कुठे दुखले, याची दुसरी नोंद गावात नाही. ग्रामपंचायत जन्म-मृत्यू लिहिते. अंगठ्याचं कोण लिहिणार?

मेहकर-खामगाव रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात रेडिओ, टेप आणि फवारणीच्या पंपापासून झाली. हातात धरून खेळायचा पहिला खेळ दुकानात आला तो पाण्याचा. आषाढी करून परतताना गजानन महाराजांची पालखी लोणार, मेहकर करून जानेफळला येते आणि इथून खामगावमार्गे शेगावला जाते. पालखीबरोबर खेळण्यांच्या हातगाड्या येतात. त्यांच्यावर ते पारदर्शक डबे लटकलेले असत. आत पाणी, पाण्यात रंगीत कड्या, खाली एक बटण. बटण दाबलं की पाण्याची पिचकारी उडते आणि कडी वर उचलली जाते. ती नेमकी दांडीत अडकली पाहिजे. जपानच्या टोमी कंपनीने हा खेळ १९७६ साली काढला. आमच्याकडे पोचेपर्यंत तो नकलेची नक्कल झालेला होता आणि चौथ्या दिवशी गळायला लागायचा. मी एम-सील लावून द्यायचो.

त्या खेळाने कुणाचा हात दुखल्याचं मला आठवत नाही. कारण त्यात जोर लावणारा हरतो. जोरात दाबलं की सगळ्या कड्या एकदम उसळतात आणि अडकलेलीसुद्धा निसटते. हलकं, थांबून, अंदाज घेत दाबावं लागतं. अंगठ्याला शिस्त लावणारं असं खेळणं नंतर माझ्या दुकानात आलं नाही.

मग ब्रिक गेम आला. वर ‘९९९९ इन १’ छापलेलं. खरे खेळ दहा-बारा, बाकी तेच खेळ वेगळ्या वेगाने. पण सगळ्यांना हवा असायचा तो वरून विटा पडण्याचाच. अलेक्सेई पाजितनोव्ह नावाच्या माणसाने १९८४ साली मॉस्कोत तो संगणकावर बनवला. आमच्या पोरांना मॉस्कोशी घेणं-देणं नव्हतं. त्यांना पेन्सिल सेल किती दिवस पुरतात एवढंच कळायचं. ब्रिक गेम गावात पसरला त्याचं मोठं श्रेय मी लोडशेडिंगला देतो. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. दिवसाचे कितीतरी तास वीज नाही. ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, तेसुद्धा ओट्यावर येऊन बसायचे. दोन सेलवर चालणारं यंत्र तेवढं जिवंत असायचं.

आणि दुरुस्तीला आलेल्या दहा ब्रिक गेमपैकी आठांत एकच बिघाड. बटण लागत नाही.

आत काय असतं ते सांगतो. प्रत्येक बटणाखाली रबराचा छोटा फुगवटा असतो आणि त्याच्या पोटाला कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली खालच्या प्लेटवरच्या दोन पट्ट्यांना टेकते, वीज एका पट्टीतून दुसरीत जाते आणि वीट सरकते. एवढंच यंत्र. घाम, धूळ, चिवड्याचं तेल आत गेलं की टिकली गुळगुळीत होते. वीज नीट जात नाही. मग पोरगं काय करतं? जोरात दाबतं. आणखी जोरात दाबतं. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबतं.

“काहून रे, एवढ्या जोरानं दाबून रायला?”

“दाबल्याबिगर चालतच नाही ना, काका.”

मी थिनरने प्लेट पुसायचो, टिकलीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायचो आणि पंधरा रुपये घ्यायचो. बटण पुन्हा हलक्या हाताने चालायला लागायचं. पण पोरगं दुकानातून निघतानासुद्धा तसंच दात-ओठ खाऊन दाबत असायचं. बटण सुधारलं होतं, हात जुनाच होता.

सगळ्यात आधी मरायचं ते उजवीकडचं मोठं बटण, वीट फिरवायचं. मग डावं, मग उजवं. वरचं बटण मला जवळजवळ नवं मिळायचं. डाव्या बाजूला चार सुटी बटणं असल्यामुळे अंगठ्याला एकावरून उचलून दुसऱ्यावर टाकावं लागे. मला वाटायचं, हे असंच असणार. पुढे मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका पोराचा गेम बॉय दुकानात आला आणि मी चकित झालो. त्यात चार बटणं नव्हतीच. अधिकच्या चिन्हासारखं एकच होतं. अंगठा मध्ये टेकवायचा आणि नुसता कलवायचा. उजवीकडची दोन बटणंही तिरकी बसवलेली, कारण अंगठा सरळ रेषेत फिरत नाही, कमानीत फिरतो.

हे अधिकचं चिन्ह काढणाऱ्या माणसाबद्दल मी नंतर वाचलं आणि तो मला आपल्याच धंद्यातला वाटला. गुनपेई योकोई. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीत १९६५ साली तो लागला, तेव्हा कंपनी पत्ते छापायची आणि त्या पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम होतं. म्हणजे मेंटेनन्सवाला. आगगाडीत एक प्रवासी कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यावरून त्याला हातातल्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९८०मध्ये त्याचं ‘गेम अँड वॉच’ आलं. १९८२च्या ‘डाँकी काँग’च्या यंत्रात ते अधिकचं चिन्ह आलं, कारण घडी होणाऱ्या चपट्या यंत्रावर उभी दांडी मावत नाही. १९८९मध्ये गेम बॉय. महागडं नवं काही शोधण्यापेक्षा स्वस्त, जुनं, पुरतं माहीत असलेलं तंत्र वेगळ्या कामाला लावायचं, हा त्याचा धंद्याचा नियम होता. सिगारेटची चांदी कार्बनच्या जागी लावणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

आता माझ्या स्वतःच्या अंगठ्याचं सांगतो. २००६च्या पावसाळ्यात दुरुस्त केलेला प्रत्येक ब्रिक गेम मी पूर्ण डाव खेळून तपासायचो. घरी मी त्याला टेस्टिंग म्हणायचो. एक दिवस चहाचा कप उचलताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की कप पडला. आजी ओट्यावर होती. तिने माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं आणि म्हणाली, “हे जात्याचं मनगट हाय. तू कवा दळलं?” तिला हे दुखणं पाठ होतं. जात्याचा खुंटा ओढून आणि नदीवर लुगडी पिळून तिच्या पिढीतल्या निम्म्या बायांना ते झालं होतं. रुईचं पान तव्यावर गरम करून तिने बांधलं. बरं वाटलं, पण गेलं नाही.

मग मेहकरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी ओरडलो. ते म्हणाले, झालं, तपासणी संपली. या दुखण्याला फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाचं नाव आहे. त्याने १८९५मध्ये ते नीट मांडलं. अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याच हालचाली पुन्हा पुन्हा, जोराने केल्या की बोगद्याचं अस्तर जाड होतं आणि दोऱ्या अडकायला लागतात. इंग्रज डॉक्टर यालाच धोबिणींची लचक म्हणत. तान्ह्या बाळांना काखेत धरून उचलणाऱ्या आयांनाही हे अनेकदा होतं. म्हणजे आजीचं निदान बरोबर होतं, फक्त जातं बदललं होतं.

खेळाने अंगठा जायबंदी होणारा मी पहिला नव्हतो. १९९०मध्ये ब्रॅसिंग्टन नावाच्या डॉक्टरने अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून एका ३५ वर्षांच्या बाईची हकीकत कळवली होती. ती सलग पाच तास निन्टेन्डो खेळली आणि तिचा अंगठा धरला. कंपनीच्याच नावाला वैद्यकीय शेपटी लावून त्याने या दुखण्याचं नाव ठेवलं. मला मेहकरच्या डॉक्टरांनी तीन आठवडे अंगठा पट्टीत बांधून ठेवायला सांगितला. त्या तीन आठवड्यांत मी चार बोटांनी सोल्डरिंग केलं. त्याची जोडणी बघून गिऱ्हाइकांनी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी काउंटरवर एक प्रश्न वाढवला. गेम हातात घेण्याआधी पोराला मूठ वाकवायला सांगायचो. दिवसेंदिवस एक गोष्ट दिसत गेली. ज्याचं रबर मेलेलं, त्याचाच अंगठा दुखायचा. नवा गेम चार तास खेळणारं पोरगं धडधाकट आणि जुन्या गेमवर तासभर झटणारं मनगट चोळत बसलेलं. आयाबाया म्हणायच्या, खेळून खेळून हात गेला. मी म्हणायचो, खेळानं नाही, खराब बटणानं गेला. दुकान चालावं म्हणून बोलतो असं त्यांना वाटायचं. तेही थोडं खरं होतं.

दुसरं कारण शेतात होतं. सोंगणीच्या दिवसांत सोयाबीनच्या वाळल्या शेंगांची टोकं हाताला टोचून टोचून बोटं सुजतात. कापूस वेचताना बोंडाच्या वाळल्या कडा नखाशी घुसतात. दिवसभर आईबापाबरोबर शेतात राबलेलं पोरगं संध्याकाळी गेम हातात घ्यायचं, तेव्हा त्याच्या अंगठ्याला बटण लागलं की नाही हेच कळायचं नाही. साहजिकच जोर. दिवाळीच्या आगेमागे माझ्याकडे ब्रिक गेमची रांग लागायची ती काही सुट्ट्यांमुळेच नाही.

आणि उपायही शेतातूनच आला. एका पोराने गेमच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवून आणले होते. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “खुरप्याच्या मुठीले चिंधी नाही का गुंडाळत?” बारीक मूठ घट्ट धरावी लागते आणि घट्ट धरलेली मूठ लवकर दमते. जाड मूठ सैल धरली तरी सुटत नाही. निंदायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. दिल्लीतल्या नाहीतर चीनमधल्या ज्या कारखान्यात ब्रिक गेम होत असेल, तिथे कुणी कधी निंदलं नसावं.

नोकिया ११०० बाजारात आला २००३मध्ये आणि जगभरात २५ कोटींहून जास्त खपला. आमच्याकडे तो टॉर्चसाठी घेतला जायचा, रात्री मोटर चालू करायला जाताना. पण त्यात सापाचा खेळ होता. फिनलंडच्या तानेली अरमान्टोने १९९७मध्ये नोकिया ६११०साठी तो पहिल्यांदा बनवला होता. ८६ ग्रॅमचा ११०० एका हाताच्या चार बोटांत धरायचा आणि एकट्या अंगठ्याने वर दोनपासून खाली आठपर्यंत धावायचं. धरणं आणि दाबणं दोन्ही एकाच हाताकडे. मनगटाला यापेक्षा वाईट आसन मी पाहिलेलं नाही.

एकदा एक शेतकरी आला. म्हणे, दोन नंबर लागत नाही, व्यापाऱ्याला फोन जात नाही. मी की-पॅड काढलं. दोन, चार, सहा, आठ हे चारच आकडे पुसलेले. बाकी ठळक. ज्याला फोन करायचा असतो त्याचे आकडे असे चौरंगासारखे झिजत नाहीत. मी विचारलं, “पोरगं कितवीत आहे?”

“आठवीत. तुमाले कसं समजलं, बाप्पा?”

ते रबर डब्यात आहे.

मग टचस्क्रीनची काच आली आणि डबा भरायचा थांबला. २०१८मध्ये पबजी आला, लॉकडाउनमध्ये तर गल्लीगल्लीत ‘मागून आला, मागून आला’ हेच ऐकू यायचं. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने तो बंद केला, पुढच्या वर्षीच्या जुलैत नाव बदलून परत आला. पोरं अंगठ्यांबरोबर पहिली बोटंही नखीसारखी वाकवून काचेवर चालवायला लागली. बोटांना घालायच्या जाळीच्या टोप्या आणि फोनला चिमट्यासारखे लावायचे ट्रिगर मी विकले, नाही म्हणत नाही. काच खाली जात नाही, टक् म्हणत नाही. दाबलं गेलं का, हे हाताला कळत नाही. म्हणून खेळ रंगात आला की पोरं काचेवरही जोर लावतात. दुखणं आता अंगठ्याच्या बुडाशीच राहिलेलं नाही. फोनचं बूड करंगळीवर टेकवतात, कोपर तासन् तास दुमडलेलं. करंगळीला मुंग्या येतात म्हणून विचारायला येतात. मी सांगतो, कोपर सरळ करा, फोन मांडीवरच्या उशीवर टेकवा. फोनवाल्याने सांगितलेलं औषध कोण ऐकतो?

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. त्याच्याकडे स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र. ६६९ ग्रॅम, म्हणजे तीन फोनांएवढं वजन. मला वाटलं, हा तर मनगट मोडणार. हातात घेतला तर मागच्या बाजूला दोन्हीकडे तळव्यात भरतील असे फुगवटे होते. मूठ सैल ठेवली तरी पडेना. लोडाला टेकून, हात मांडीवर ठेवून मी तासभर खेळलो. अंगठ्याने तक्रार केली नाही. पलंगावर उताणं पडून तोच डोळ्यांपुढे धरला, तर पाच मिनिटांत खांदे भरून आले. भाचा कंपनीच्या संशोधनाचं कौतुक सांगत होता. मी त्याला सायकलच्या ट्यूबवाल्या पोराची गोष्ट सांगितली. ते पोरगं आता ट्रॅक्टर चालवतं.

ब्रिक गेम अजूनही पालखीच्या गाड्यांवर मिळतो आणि रबर अजूनही तसंच मरतं. तुमच्या घरी माळ्यावर एखादा पडला असेल तर घेऊन या, टिकली बदलून देतो. सेल तुमचे. पण येण्याआधी अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीकडे वाकवून बघा. कळ आली, तर दुकानात तीन आठवड्यांनी या.